एका हेलपाट्यात

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "कधीपासून होतंय हे?" आणि आईने तोंडाने उत्तर देण्याऐवजी मांडीवरची पर्स उघडली, वही काढली, डाव्या डोळ्याजवळ धरून पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवून वही त्यांच्यापुढे सरकवली. "मागच्या रविवारच्या यादीत आहे. सहावं." डॉक्टरबाईंनी वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत होतो आणि अगदी खालची ओळसुद्धा मला स्वच्छ दिसत होती. "यादी कसली?" त्यांनी विचारलं. "ह्याच्यासाठी करते मी," आई म्हणाली, "ह्याला मध्ये मध्ये फोन केलेला चालत नाही. कामात असतो ना." ती तक्रार करत नव्हती. मुलगा मोठ्या हुद्द्यावर आहे हे शेजारणीच्या कानावर घालावं, तसा तिचा सूर होता. टेबलाच्या ह्या बाजूने, उलट्या अक्षरांत, ती सहावी ओळ मी तेव्हा पहिल्यांदा वाचली. 'उजव्या डोळ्यात गुरुवारपासून वीज चमकल्यासारखं होतं. कडेला काळं दिसतं. दाखवायला हवं का?' अक्षर सुरेख होतं, प्रश्नचिन्हसुद्धा नीट काढलेलं.

डोळ्याचा पडदा सुटला होता. मागच्या सोमवारी आणलं असतं तर मधला भाग अजून चिकटलेला मिळाला असता, आता तोही निघालाय, ऑपरेशन करू पण आशा फार धरू नका, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. आईने विचारलं, "वाचता येईल ना?" त्या म्हणाल्या, "डाव्या डोळ्याने येईल." आईने मान डोलवली, एखादं पुस्तक आज नाही, उद्या मिळेल असं कळल्यावर डोलवावी तशी. मी आठ दिवस मोजले. मोजणं माझ्या हाडीमासी खिळलेलं आहे, त्यात माझा दोष नाही असं मला नेहमी वाटत आलं. ह्या आठ दिवसांत मी दोनदा केस कापायला जाऊन गर्दी बघून परत आलो होतो, एक सिनेमा अर्धा बघितला होता, आणि ऑफिसात एक ड्रॉइंग उघडायला लागणारी अकरा सेकंदं नऊवर आणली होती.

आमची कंपनी लिफ्ट बनवते. लिफ्टचं ड्रॉइंग म्हणजे एक फाइल असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात दार वेगळं, दोर वेगळा, मोटर वेगळी, अशा दीडशेएक बारक्या फाइली असतात आणि त्या सगळ्या मुख्य ऑफिसातल्या सर्व्हरवर राहतात. दूरच्या शाखेतल्या इंजिनिअरने ड्रॉइंग उघडलं की त्याचं मशीन एकेका फाइलसाठी सर्व्हरला विचारत बसायचं. ही फाइल आहे का? आहे. उघडू का? उघड. केवढी आहे? एवढी. पहिला तुकडा दे. घे. झालं, बंद करू? कर. प्रत्येक प्रश्न तारेवरून जाणार, उत्तर तारेवरून येणार, आणि तोवर मशीन हातावर हात ठेवून बसणार. काम चिमूटभर आणि हेलपाटे शंभर. चार-चार मिनिटं लागायची, इंजिनिअर खाली जाऊन चहा पिऊन यायचे. साहेब म्हणायचे, लाइन जाड घेऊ या. मी म्हटलं, रस्ता रुंद केल्याने हेलपाटे कमी होत नाहीत. एकेक प्रश्न पाठवू नका. सगळे जमवा, गठ्ठा बांधा, एकदाच पाठवा. सर्व्हर ओळीने उरकेल आणि सगळी उत्तरं एकदम परत देईल. चार मिनिटांची अकरा सेकंदं झाली तेव्हा साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता, आणि तो हात मला हवाहवासा वाटला होता, हे लपवत नाही. ह्या सगळ्यात नियम एकच होता आणि तो मीच घातला होता: गठ्ठ्यातलं एखादं काम अडलं, तर सर्व्हर तिथेच थांबेल आणि पुढचं काही न बघता गठ्ठा परत करेल. कारण फाइलच सापडली नाही तर उघडायचं काय आणि वाचायचं काय? टेस्टिंगच्या बाई, ज्या वयाने माझ्याहून मोठ्या आणि स्वभावाने किरकिऱ्या आहेत, म्हणाल्या, "पण खालचं काम वरच्यावर अवलंबून नसेल तर? ते बिचारं कारण नसताना पडून राहणार." मी म्हणालो, "गठ्ठा बांधणाऱ्याने क्रम बघून बांधावा. सर्व्हरला कशाला बोल लावता?" त्यावर सगळे हसले. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

आईचा फोन त्या दिवसांत रोज दहा-बारा वेळा यायचा. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, वडिलांच्या मागे राहिलेल्या दोन खोल्यांत एकटी राहते. बायको मला सोडून गेल्यापासून फोन वाढले होते. नळाचा वायसर कुठे मिळतो, पंख्याचा आवाज येतो तो धोक्याचा असतो का, खालच्या मजल्यावरची म्हातारी विचारत होती तुझं वय काय. एकदा मी मोजायला बसलो. मीटिंगमधून बाहेर येऊन, कॉरिडॉरमध्ये, घड्याळ लावून. चार मिनिटांच्या फोनमध्ये कामाचा प्रश्न दहा सेकंदांचा निघाला. बाकी सगळं जेवलास का, कामात होतास का, मी त्रास दिला का, आवाज असा का येतोय, सर्दी झाली का, बरं ठेवते, ठेवते हं, अरे हो, ठेवण्यापूर्वी एक. नमनालाच घडाभर तेल. मी हे आकडे कागदावर मांडले, दोन रकाने केले आणि रविवारी तिच्यापुढे ठेवले. आज आठवलं की लाज वाटते, तेव्हा मजा वाटली होती. तिने चष्मा लावून कागद नीट वाचला, एका बेरजेत चूक होती ती दाखवली, आणि म्हणाली, "मग काय करू?" मी म्हणालो, "वहीत लिहून ठेव. जे काय आठवडाभराचं असेल ते. रविवारी दहाला मी येतो, एका बैठकीत सगळं उरकू. मध्ये फोन नको. एकदा सवय मोडलीस की पुन्हा लागायची नाही." "आणि घाई असली तर?" "घाई कसली असते तुला," मी म्हणालो.

गंमत अशी की ही अक्कल मला कोणी दिली असेल तर तिनेच. ती वाचनालयात होती, सत्तावीस वर्षं. लोकांनी चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून द्यायचं आणि हिने मागच्या कोठारातून ते काढून आणायचं. कोठार लांब होतं, मध्ये एक जिना, आणि तिचे गुडघे चाळिशीतच बोलायला लागले होते. शाळा सुटली की मी तिच्या खिडकीमागच्या स्टुलावर बसायचो. ती चिठ्ठ्या एका खिळ्यात टोचून ठेवायची आणि पाच-सहा झाल्या की उठायची. "एका हेलपाट्यात पाच माणसं खूश," असं मला डोळा मिचकावून म्हणायची. तो उजवाच डोळा असावा. मी तिच्या उजव्या हाताला बसायचो. पण उठण्यापूर्वी ती सगळ्या चिठ्ठ्या खिळ्यावरून काढून एकदा वाचायची, पत्त्यांसारख्या हातात लावायची, आणि एखादं पुस्तक जागेवर नसलं तरी बाकीची घेऊन यायची. आणि अधूनमधून एकच चिठ्ठी बघून ताडकन उठायची, गुडघ्यावर हात ठेवून, बाकीच्यांना तसंच ठेवून. का, ते मला कळायचं नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "अरे, त्याच्या हातात गाडीचं तिकीट होतं." मी त्यातलं जमवणं तेवढं उचललं. वाचणं तिथेच स्टुलावर राहिलं, कारण वाचायला वेळ लागतो आणि मी तर वेळ वाचवायला निघालो होतो.

पहिल्या रविवारी त्रेचाळीस प्रश्न होते. मी ते पन्नास मिनिटांत संपवले. दुसऱ्या रविवारी एकोणतीस, मग सतरा, मग दहाच्या आत. तिच्या प्रश्नांना कात्री लागत होती आणि मी खूश होतो. फोन तर बंदच झाला होता. साहेबांना मी चहाच्या वेळी ही हकिकत सांगितली तेव्हा ते इतके हसले की हातातला कप खाली ठेवावा लागला, आणि पुढे ते कोणालाही माझी ओळख करून देताना म्हणायचे, "हा आपल्या आईलासुद्धा गठ्ठ्याने घेतो." मीही हसायचो. टेस्टिंगच्या बाई हसायच्या नाहीत, पण त्या कशालाच हसत नाहीत. आईची वही बघून मला तेव्हा खरोखर कौतुक वाटायचं. तारीख, समास, आकडे, खाली रेघ. उत्तर मिळालं की ती पुढे बरोबरची खूण करायची. ती मला शिस्तीची वाटायची. तिला दिवसभर बोलायला कोणी नव्हतं आणि जे सुचेल ते ती त्या वहीशी बोलत होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही असं म्हणणं खोटं होईल. आलं होतं. मी त्याकडे काणाडोळा केला.

मग तो रविवार. आदल्या रात्री बायकोच्या वकिलाचा निरोप आला होता, सही करून पाठवा म्हणून, आणि माझं डोकं ठणकत होतं. आईने दार उघडलं, पाणी दिलं, वही दिली. आज ती उजवीकडच्या खुर्चीत न बसता डावीकडे बसली, हे मी बघितलं आणि सोडून दिलं. पहिली ओळ होती: 'सूनबाईचा बुधवारी वाढदिवस. मी एकदा फोन करून बोलू का तिच्याशी? तुझं नाव काढणार नाही.' माझ्या कानशिलात कळ गेली. मी वही मिटली. "हे पहिलं असेल तर पुढचं मला वाचायचंच नाही," मी म्हणालो. ती म्हणाली, "बरं, ते राहू दे. पुढचं बघ." मी म्हणालो, "आई, तुला कळतं का काही? मी इथे वीस किलोमीटर येतो ते तुझ्या पंख्यासाठी येतो, तिच्यासाठी येत नाही." "अरे, पुढे आहे ते..." "पुढच्या रविवारी," मी म्हणालो आणि वही फ्रिजवर ठेवली, तिचा हात पोचायचा नाही इतकी मागे. हे मुद्दाम केलं. तिला शिक्षा व्हावी, स्टूल ओढावं लागावं, एवढंच मनात होतं. जेवताना ती सारखी मान उजवीकडे वळवून ताट बघत होती आणि मला वाटलं, रुसून तोंड फिरवतेय. मला तेव्हा बरं वाटलं. बुधवारी सूनबाईचा वाढदिवस झाला, आईने फोन केला नाही, तिलाही नाही आणि मलाही नाही.

पुढच्या रविवारी तिने कपाच्या शेजारी चहा ओतला. चहा टेबलावरून घरंगळत माझ्या मांडीवर आला आणि ती ओततच होती, चेहऱ्यावर नेहमीचं पाहुणचाराचं हसू. "आई," मी ओरडलो, "अगं दिसत नाही का?" ती थांबली. किटली खाली ठेवली, तीही अर्धी टेबलाच्या कडेबाहेर. म्हणाली, "ह्या बाजूचं नाही दिसत." मी तिच्या डोळ्यासमोर बोटं धरली, किती आहेत विचारलं. ती म्हणाली, "बोटं आहेत का ती?"

ऑपरेशन झालं. डोळ्यात हवा भरली होती, ती पडद्याला दाबून धरावी म्हणून आठवडाभर तिला पालथं झोपायचं होतं, तोंड खाली, रात्रंदिवस, फक्त जेवायला आणि संडासला उठायचं. मी रजा टाकली. साहेब म्हणाले, आईच्या बाबतीत घे हवी तेवढी, आणि ह्या वेळी गठ्ठ्याचा विनोद केला नाही, त्यावरून मला कळलं की ऑफिसात बातमी पोचली आहे. दोन उशा, मध्ये फट, त्या फटीत आईचं तोंड. मी शेजारी खुर्चीवर बसायचो. मला तिच्या मानेमागचे पांढरे केस दिसायचे आणि तिला फरशी. ती काही मागत नसे. पाणी हवं का विचारलं तर हो म्हणायची, म्हणजे हवंच असायचं, पण मागायची नाही. ताईचा लांबून फोन आला. "तिने मला तरी सांगायचं होतं," ताई म्हणाली, "मी काय मेले होते?" मग, "तू वाचलं नव्हतंस का रे ते?" "नव्हतं वाचलं," मी म्हणालो. ताईने मग ऑपरेशनला किती खर्च आला ते विचारलं. तिला शिव्या देता आल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. चौथ्या दिवशी दुपारी मी आईच्या त्या पांढऱ्या केसांना विचारलं, "डोळ्याचं सहावं का लिहिलंस गं? ते पहिलं नाही का लिहायचं?" उशीतून आवाज जाड यायचा. "महत्त्वाचं आधी लिहायचं असतं ना," ती म्हणाली. "तुझं घर मोडत होतं. डोळ्याचं काय, ते आपलं माझं होतं." मग जरा वेळाने, "फरशीवर मुंगी आहे बघ एक, मघापासून." मी खाली वाकून बघितलं. मुंगी नव्हती. सुटलेल्या डोळ्यात असे काळे ठिपके दिसतात, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. "हो, आहे," मी म्हणालो. माझं सगळं अंग त्या वेळी रडायला तयार झालं होतं आणि मी खुर्चीत बसून टेस्टिंगच्या बाईंना काय उत्तर द्यायचं ते मनात जुळवत होतो, कारण गठ्ठ्याचा तो नियम बदलावा म्हणून त्यांनी वरच्या लोकांना लिहिलं होतं.

उजव्या डोळ्याने तिला आता हात हलला एवढं कळतं. डावाही पातळ आहे, त्यात कधी चमकलं तर त्याच तासाला घेऊन या, दिवसाची वाट बघू नका, असं डॉक्टरबाईंनी मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, मग आईसमोर सांगितलं, मग कागदावर लिहून दिलं. मी आईचे दोन्ही हात धरले आणि म्हणालो, "वही बंद. आता कधीही फोन कर. रात्री, मीटिंगमध्ये, कशालाही. मुंगी दिसली तरी कर." ती "बरं" म्हणाली. पुढचे वीस दिवस तिने एकही फोन केला नाही. मीच करायचो, सकाळी आणि संध्याकाळी. ती दोन घंटा वाजायच्या आत उचलायची. "बरी आहे. जेवले. ठेवू?" पंधरा सेकंद. जेवलास का नाही, सर्दी नाही, ठेवण्यापूर्वी एक नाही. माझं घडाभर तेल तिने कायमचं उचलून ठेवलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते दुसऱ्यांच्या बाबतीत. माझी आई शिकवलेलं विसरत नाही.

काल वरच्या लोकांपुढे माझं काम मांडायचं होतं. पटलं तर सगळ्या शाखांत ते लागणार होतं आणि मला हाताखाली माझी माणसं मिळणार होती. लांब टेबल, चौदा खुर्च्या, टोकाला टेस्टिंगच्या बाई. मी हेलपाट्यांच्या आकड्यांवर होतो तेव्हा टेबलावरचा फोन थरथरला. आई. दुपारचे सव्वातीन. माझा आवाज चालू होता, मला तो ऐकू येत होता, आणि माझा हात पुढे झाला. उचलायलाच झाला असं मला आजही वाटतं. त्याने फोन पालथा घातला. टेबलाच्या लाकडातून थरथर बोटांत येत राहिली, सात-आठ वेळा, मग थांबली. ती पुन्हा आली नाही. बाईंनी तो फोन बघितला, मग मला बघितलं. मी म्हणालो, "ह्यानंतर दोनच स्लाइड आहेत," आणि त्या दोन झाल्यावर बाईंनी त्यांचा प्रश्न विचारला, वरचं अडलं तर खालच्याचं काय, आणि मी त्याचं उत्तर चांगलं दिलं. सविस्तर दिलं. साहेब मान हलवत होते. अठरा मिनिटांनी चहा आला, तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये गेलो आणि फोन लावला.

खूप घंटा वाजल्या. मग तिने उचलला. "काय गं, फोन केला होतास?"

"मी? हो का. लागला असेल चुकून. तू कामात होतास ना?"

"डोळा कसा आहे?"

"कुठला?"

"आई. डावा."

"ठीक आहे," ती म्हणाली. तिच्या मागे नळ चालू होता, बादली भरून वाहत असल्यासारखा. ती नळ कधी वाहू देत नाही. तिचं 'ठीक आहे' दोन प्रकारचं असतं, मी लहानपणापासून दोन्ही ओळखतो, आणि हे कुठलं हे कळायला मला एकच प्रश्न पुढे विचारायला हवा होता: नळ दिसतोय का तुला? जिभेवर आला होता. दारात साहेब उभे होते, हाताने या या करत होते, आत कोणीतरी माझं नाव घेत होतं.

"ठेवू?" आईने विचारलं.

"ठेव," मी म्हणालो आणि आत गेलो.